ताराबाई मोडक : बालवाडीच्या बाईंची पाठराखीण

ज्यांची मुलं लहान आहेत त्यांना हा अनुभव नक्की असेल. मूल तीन वर्षांचं होतं, प्रीस्कूलची शोधाशोध सुरू होते. वेटिंग लिस्ट, फीचे आकडे पाहून पांढरे होणारे डोळे, हे सगळं पार पडून एकदाची जागा मिळते. पहिले पंधरा दिवस रडारड. मग हळूहळू मूल आपल्या टीचरला चिकटतं, घरी येऊन तिच्यासारखं बोलायला लागतं. आणि नेमकी त्याच सुमारास शाळेची ई-मेल येते, की या टीचर येत्या शुक्रवारपासून आपल्यात नसतील. आमच्या मुलीच्या वाट्याला हे एका वर्षात दोनदा आलं.

आमच्या आयटीच्या धंद्यात माणूस सोडून गेला की दोन आठवडे 'नॉलेज ट्रान्सफर' चालतं. कागदपत्रं, मीटिंगा, पासवर्ड सगळं दुसऱ्याच्या हवाली होतं. पण कुठल्या गाण्यावर कोणतं मूल शांत होतं, कुणाला झोपताना पाठीवर हात लागतो, याचं नॉलेज ट्रान्सफर कसं करणार? ते त्या बाईंबरोबरच दाराबाहेर जातं.

या बाया का जातात? एक कारण पगार. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२३ साली मुलं सांभाळणाऱ्यांचं मध्यम वेतन तासाला साधारण साडेचौदा डॉलर होतं. दुसरं कारण म्हणजे थकवा. नुसता अंगाचा नव्हे, आतून रिकामं होण्याचा. त्याला 'बर्नआउट' हे नाव वैद्यकीय लिखाणात १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाने रुजवलं. एका मोफत दवाखान्यात काम करणारी माणसं त्याने पाहिली. गंमत म्हणजे आळशी आणि कामचुकार माणसं विझत नव्हती. जी सर्वांत जीव ओतून काम करत होती तीच आधी विझत होती.

त्याच्या एकच वर्ष आधी, ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, महाराष्ट्रात एक ८१ वर्षांची बाई वारली. तिने हा शब्द कधी ऐकलेला असण्याचं कारण नाही. पण बालवाडीच्या बाईंना विझू कसं द्यायचं नाही, या प्रश्नावर तिने आपलं पन्नास वर्षांचं आयुष्य घातलं असं मला वाटतं. तिचं नाव ताराबाई मोडक.

हे नाव मी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलं. आजी बालवाडी चालवायची. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत चिंचोके, शंख-शिंपले, गुंजा आणि रंगीत चिंध्या असत आणि आम्हा नातवंडांना त्याला हात लावायची परवानगी नसे, कारण ते 'शाळेचं सामान' होतं! या सामानामागेही एक गोष्ट आहे. पण ती ओघाने येईलच.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई दोघेही प्रार्थना समाजाचे, म्हणजे सुधारक विचारांचं घर. मुलीला शिकवायचं हे त्या घरात ठरलेलंच होतं. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात पदवीधर मराठी मुली बोटांवर मोजण्याइतक्याच. अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झालं आणि त्या तिकडे गेल्या. पण तो संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या वेगळ्या झाल्या. आज २०२० च्या दशकातसुद्धा आपल्या लोकांत घटस्फोट म्हटला की आवाज खाली जातो; शंभर वर्षांपूर्वी पदरात लहान मुलगी घेऊन एकटं उभं राहणं काय असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

त्या राजकोटला गेल्या आणि बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. हे शिक्षिका तयार करणारं कॉलेज. नोकरी मानाची, भवितव्य सुरक्षित. आपल्या भाषेत सांगायचं तर 'सेटल' होण्याची वेळ. आणि तिथेच बाईंनी सगळं सोडलं! १९२३ मध्ये त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याकडे काम करायला गेल्या.

गिजुभाई मुळात वकील. मुलगा झाला तेव्हा त्याला कसं वाढवावं या विचारात त्यांनी मारिया माँटेसरींची पुस्तकं वाचली आणि वकिली मागे पडली. माँटेसरींनी रोमच्या गरीब वस्तीत १९०७ साली आपलं पहिलं बालगृह उघडलं होतं. गिजुभाईंनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. छडी नाही, धाक नाही. गोष्टी, गाणी, नाटकं, हाताने करायची कामं. गुजरातेत त्यांना लोक प्रेमाने मिशीवाली आई म्हणत. नऊ वर्षं ताराबाई तिथे राहिल्या. मुलांबरोबर जमिनीवर बसणं, त्यांचं निरीक्षण करणं, त्याची नोंद ठेवणं हे सगळं त्या तिथे शिकल्या.

पण माझ्या मते भावनगरला त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. एक उत्तम बालमंदिर काढणं वेगळं आणि गावोगाव बालमंदिरं उभी राहणं वेगळं. पहिल्याला एक गिजुभाई पुरतात. दुसऱ्याला शेकडो साध्यासुध्या शिक्षिका लागतात आणि त्या सगळ्या गिजुभाई नसतात. त्यांना शिकवावं लागतं, अडलं की विचारायला जागा लागते, आपण एकट्या नाही असं वाटावं लागतं. १९२६ मध्ये या मंडळींनी 'नूतन बालशिक्षण संघ' स्थापन केला तो यासाठीच. शिवाय 'शिक्षणपत्रिका' हे मासिक चालवलं. ताराबाईंनी पुढे ते मराठीतही आणलं. आज आपण एखादा प्रश्न अडला की इंटरनेटवर टाकतो आणि जगाच्या दुसऱ्या टोकावरून उत्तर येतं. त्या काळच्या आडगावच्या बालशिक्षिकेला हे मासिक म्हणजे तेच होतं! महिन्यातून एकदा पोस्टमन आठवण करून देत असे की तुमच्यासारखं काम करणारं आणखीही कुणी आहे.

पुढे ताराबाई मुंबईला परतल्या आणि १९३६ साली दादरला 'शिशुविहार' सुरू झालं. बालमंदिराला जोडूनच शिक्षिका घडवणारं अध्यापन मंदिर. हा जोडकारभार मला फार महत्त्वाचा वाटतो. शिकणाऱ्या बाईने वर्गात नुसती व्याख्यानं ऐकायची नाहीत, तर शेजारच्या खोलीत खऱ्या मुलांत बसायचं, चुकायचं, आणि चुकलं की अनुभवी बाई बाजूला असायची. आमच्याकडे नव्या पोराला पहिल्याच दिवशी चालू सिस्टिमवर सोडत नाहीत, मग वीस मुलांच्या वर्गात एकट्या पोरीला का सोडतात?

१९३९ साली गिजुभाई गेले. वय अवघं ५३. अखंड काम, प्रवास, शंभरावर पुस्तकं-पुस्तिका आणि एक दिवस सगळं थांबलं. संघाची आणि पत्रिकेची मोठी जबाबदारी आता ताराबाईंवर आली.

आणि योगायोग बघा, ज्या वयात गिजुभाई गेले त्याच वयात, म्हणजे ५३ व्या वर्षी, ताराबाईंनी नवा डाव मांडला. १९४५ च्या डिसेंबरमध्ये दादरची जमलेली घडी सोडून त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता. २०१४ पासून पालघर. समुद्रकाठचं, चिकूच्या वाड्यांचं गाव. शहरातल्या सुखवस्तू मुलांना माँटेसरी मिळाली, खेड्यातल्या आणि गरिबांच्या मुलांचं काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. काळही साधा नव्हता. त्याच वर्षी त्या टापूत गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांचा वेठबिगारीविरुद्ध लढा पेटला होता. आज आपल्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावलेलं वारली चित्र ज्यांचं, ती माणसं तेव्हा जमीनदाराच्या शेतात फुकट राबत होती.

बोर्डीला जाताना ताराबाई एकट्या गेल्या नाहीत. बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांना एक शिक्षिका भेटली होती. वय ३५. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग हट्टाने शिक्षण आणि पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी. नाव अनुताई वाघ. ताराबाईंनी विचारलं, अनुताई तयार झाल्या, आणि ही जोडी पुढे २८ वर्षं टिकली. ताराबाईंची गोष्ट सांगताना अनुताईंचा उल्लेख लोक शेवटी एका ओळीत करतात. मला तर वाटतं की ताराबाईंचा सर्वांत शहाणा निर्णय तोच होता. एकटीने जायचं नाही.

बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. बालवाडी उघडली पण गरिबांच्या वस्तीतली मुलं येईनात. आईबाप दिवस उजाडायच्या आत कामाला जाणार, मुलांना न्हाऊमाखू घालून शाळेत पोचवणार कोण? मग बाईंनी बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेली. मुलं तिथेच जमवायची, तोंडं धुवायची, नखं कापायची, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या. अंगणात भरणारी वाडी ती अंगणवाडी. आज भारतभर रुजलेला हा शब्द या अंगणातून आलेला आहे.

आता ते ट्रंकेतलं सामान. माँटेसरीची साधनं सुंदर पण महाग. ती मापात बनवावी लागतात, चांगला सुतार लागतो. खेड्यातली बाई ती कुठून आणणार? बोर्डीच्या आसपास जे फुकट मिळतं त्यातून मग साधनं तयार झाली. शिंपले, खडे, बिया, पानं, बांबू, माती. लहान-मोठं, हलकं-जड, गुळगुळीत-खरखरीत हे सगळं शिकायला चिंचोका आणि शंख पुरतो. आमच्या भाषेत हे चक्क ओपन सोर्स! लायसन्सचा खर्च शून्य आणि हरवलं तर समुद्रावर जाऊन पुन्हा वेचून आणायचं. यात गरिबीचं कौतुक नाही. ज्या बाईंना स्वतःचं सामान स्वतः करता येतं त्यांना कुणाच्या मंजुरीची आणि ग्रँटची वाट बघत हात जोडून बसावं लागत नाही. कामावर आपला काही ताबा आहे असं वाटणं हा थकव्यावरचा मोठा उतारा असतो.

१९५७ मध्ये सगळं काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासींमध्ये हललं. इथे नवी अडचण. मोठी मुलं गुरं राखायला जाणार आणि मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घरी बसणार. त्यावर या दोघींनी काढलेले उपाय आजही चकित करतात. गुरं कुरणात तर शाळाही कुरणात. तिचं नाव कुरणशाळा. आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच आवारात. तिचं नाव विकासवाडी. ताई शाळेत, मधला बालवाडीत आणि तान्हं पाळण्यात.

पण हे सगळं बाईंच्या बाजूने बघा. बालवाडीच्या बाईंसमोर रडकं तान्हं कडेवर घेतलेली सात वर्षांची पोर बसली असेल तर ती काय शिकवणार? मूल गैरहजर राहिलं की दोष कुणाला? बाईंनाच! विकासवाडीत ते ओझं एकटीच्या डोक्यावरून उतरून संस्थेवर आलं. अडचण माणसाची नाही, रचनेची आहे हे ओळखून रचनाच बदलली. सिस्टिम वारंवार बंद पडत असेल तर रात्री फोन उचलणाऱ्या इंजिनिअरला शिव्या देऊन भागत नाही, डिझाइन तपासावं लागतं. हे आम्ही पुस्तकांतून शिकलो. या दोन बायकांनी टेकडीवर करून दाखवलं.

ताराबाई १९४६ ते १९५१ मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पण माझ्यासारख्याला सर्वांत मोठा पुरावा वेगळाच वाटतो. आम्ही प्रोजेक्टबद्दल गमतीने विचारतो की किती माणसं बसखाली आली तर काम बसेल? उत्तर 'एक' असेल तर प्रोजेक्ट धोक्यात. १९७३ साली ताराबाई गेल्या आणि कोसबाडचं काम बसलं नाही. अनुताईंनी ते पुढे १९ वर्षं, १९९२ मध्ये स्वतः जाईपर्यंत चालवलं. त्यांना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली.

ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ विभागांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. आज देशात तेरा लाखांहून जास्त अंगणवाड्या आहेत. अभिमानाने छाती भरून यावी अशी गोष्ट. पण अंगण देशभर गेलं, बाईंच्या पाठीशी उभं राहणं मात्र तितकं गेलं नाही. अंगणवाडी सेविका सरकारी हिशेबात नोकर नाही. ती मानसेवी, म्हणून तिला पगार नव्हे तर मानधन. शिकवणं, आहार, वजनं, गरोदर बायकांच्या नोंदी, सर्व्हे आणि वर रजिस्टरं. नंतर मोबाइल आला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले, कारण फोन निकृष्ट होते आणि नोंदी भरायचं अ‍ॅप इंग्रजीत होतं. सॉफ्टवेअरवाला म्हणून हे वाचताना मला राग आला. वापरणाऱ्या बाईंच्या भाषेत नसलेलं अ‍ॅप तिच्या हातात देणं हे कुठलं डिझाइन? एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल दिला. तरी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांना मानधनवाढीसाठी पुन्हा संपावर जावं लागलं.

इकडे श्रीमंत देशात वेगळं आहे का? १९८९ मध्ये अमेरिकेतल्या पाळणाघरांचा एक मोठा अभ्यास झाला होता. त्यात दर वर्षी शंभरातल्या ४१ शिक्षिका नोकरी सोडताना आढळल्या. आणि जिथे वेतन बरं होतं तिथे मुलांची काळजीही चांगली घेतली जात होती. म्हणजे बाईंचे हाल आणि मुलांचे हाल हे दोन प्रश्न नाहीतच.

इथे एक प्रामाणिक शंका येते. ताराबाई-अनुताईंचं सगळं आयुष्य त्यागाचं. मग त्यांच्याच नावाने सेवाभाव मागून बायकांना कमी पैशांत राबवलं तर ती त्यांचीच परंपरा नव्हे का? मी यावर बराच विचार केला. त्याग त्यांनी केला हे खरं. पण तो त्यांनी स्वतः निवडला होता, हाताशी पदवी होती, नोकरी सोडण्याचं स्वातंत्र्य होतं. आणि त्यांनी उभं काय केलं ते बघा. प्रशिक्षण, मासिक, सोबतीण, हाताने करता येणारं सामान, जोडून असलेलं पाळणाघर. यातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या बाईचं काम थोडं हलकं करणारी आहे. आपण मात्र त्यांच्या तसबिरीला हार घालताना त्याग तेवढा उचलला आणि आधार विसरलो.

मंडळी, आपण इथून काय करणार असं कुणी म्हणेल. करण्यासारखं आहे. आपल्या मुलांच्या शाळेत विचारू शकतो, की बाईंना दिवसात श्वास घ्यायला वेळ मिळतो का? वर्गात दुसरं मोठं माणूस असतं का? आजारी पडल्या तर बदली कोण? फीच्या चर्चेत आपण जेवढे प्रश्न विचारतो त्याच्या निम्मे जरी हे विचारले तरी पालकांना याची फिकीर आहे हे शाळेला कळेल. रविवारी आपल्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या ताई-माई हेच काम फुकट करतात. वर्षअखेरीला शाल आणि फुलांचा गुच्छ देतो तो द्यावाच, पण त्याच्या आधी एक जोडीदार द्यावा. आणि भारतातल्या एखाद्या बालवाडीला देणगी देताना खेळण्यांबरोबर बाईंच्या प्रशिक्षणाला आणि मानधनाला किती जाणार हेही विचारावं.

दिवाळीत आपण पणती लावतो तेव्हा ती विझू नये म्हणून तेल बघतो, वात पुढे सारतो, वारा आला तर हाताचा आडोसा धरतो. पणतीने मनापासून जळावं असं तिला कुणी सांगत बसत नाही. ताराबाईंचं सगळं काम म्हणजे हा आडोसा होता.

सर्वांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!